दोन कार्बोरेटर आणि एक नळी

गाडीसमोर पितळी स्टँडवर पाटी होती: ‘सर्व भाग मूळ.’ तिच्यासमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले असणार, कारण मालक स्वतः आले.

“फोटो काढायचाय का? आत बसून काढा. पर्स तेवढी बाहेर ठेवा, लेदर नवीन आहे.”

“लेदर मूळ नाही?”

“मूळच. नव्यानं केलेलं मूळ.”

मॉलच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा सोहळा होता. भाड्याचे फेटे, सनईची रेकॉर्ड, डोक्यावर घोंगावणारा ड्रोन आणि दीड तास उशिरा येणारे प्रमुख पाहुणे. हार गाड्यांनाही घातले होते आणि ज्येष्ठ मालकांनाही, आणि निवेदिका दोघांचंही वय सारख्याच कौतुकानं सांगत होती. मी तिथे पडद्याच्या कड्या घ्यायला गेले होते.

गाडी दोन सीटची, गडद हिरवी, लांब नाकाची, इंग्लिश. तिचं नाव मी कुणाला सांगत नाही. नाव सांगितलं की लोक साल विचारतात, साल सांगितलं की किंमत, आणि मग आपलंच काही चोरीला गेल्यासारखा चेहरा करतात. एकेकाळी ती माझ्या काकांची होती, एवढं पुरे.

पाहुण्यांसाठी मालकांनी ती चालू केली. पहिल्या हाकेला उठली. खोकली नाही, थरथरली नाही, पेट्रोलचा वास आला नाही. टाळ्या पडल्या. बॉनेट मात्र बंद होतं, आणि का बंद होतं ते त्या पार्किंगमध्ये फक्त मालकांना आणि मला ठाऊक होतं. त्या लांब नाकाखाली एका मोडीत काढलेल्या जपानी गाडीचं इंजेक्शनवालं इंजिन आहे. ते निवडलं मी. बसवलं हमीदचाचांनी. आणि ते बसवायची वेळ का आली, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

कड्या न घेताच निघाले. घरी येऊन चहा टाकला, प्यायले नाही. पुस्तक उघडलं, मिटलं. शेवटी कपाटाच्या तळातून रिकामा तुपाचा डबा काढला. त्यात हातभर रबरी नळी आहे. सात घरं बदलली, दर वेळी ती टाकून द्यायची ठरवते आणि दर वेळी सामानाच्या ट्रकमध्ये न देता स्वतःच्या मांडीवर घेऊन येते. नाकाशी धरली तर अजून वास येतो. म्हणजे येतो असं मला वाटतं.

हमीदचाचांचं गॅरेज कर्वेनगरात, कालव्याच्या अंगाला. पत्र्याची शेड, पुढे शिरीषाचं झाड, झाडाला टांगलेले टायर. डिसेंबरात कालव्यावरून येणारा गारवा आणि शेडमधला पेट्रोलचा वास यांची दारातच गाठ पडायची. मे महिन्यात पत्रा तडतडायचा आणि ग्रीस इतकं पातळ व्हायचं की डब्यात बोट बुडवलं तर कोपरापर्यंत ओघळ. हात धुवायला लाकडाचा भुसा आणि कपड्यांच्या साबणाचा चुरा. तो वास सोमवारपर्यंत नखांत राहायचा. सोमवारी मी त्या नखांनी संगणकावर काम करायचे.

काम असं: एका परदेशी कंपनीसाठी इंजेक्शन प्रणालीच्या प्रोग्रॅमची तपासणी. इंजिनात पेट्रोलची फवारणी करणारा इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडा राहावा, थंडीत किती, चढावर किती, याच्या ओळी मी दिवसभर वाचत असे. इंजेक्टर मी पाहिलेला नव्हता. आमच्या मजल्यावर कुणीच पाहिलेला नव्हता. वातानुकूलित खोलीत आम्ही चाळीस जण एका न पाहिलेल्या वस्तूचे तज्ज्ञ होतो, आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर तसं छापलेलंही होतं.

त्या वर्षांत पुण्यात दर आठवड्याला काहीतरी परदेशी येत होतं. नव्या गाड्यांच्या पाठीवर इंजेक्शनची इंग्रजी आद्याक्षरं चिकटवलेली असत. लोक रविवारी गाडी पुसताना ती अक्षरं वेगळ्या फडक्यानं पुसत. कार्बोरेटर हा शब्द, गावाकडच्या नातेवाइकाचा उल्लेख करावा तसा, आवाज खाली आणून उच्चारायचा झाला होता.

आणि बापूकाका नेमके तेव्हा जुनी गाडी घेऊन आले.

बापूकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं रेघा मारून निवृत्त झालेले, अविवाहित, कमी बोलणारे. तरुणपणी एकदा पावसात बस चुकली तेव्हा कारखान्याच्या साहेबानं त्यांना आपल्या असल्याच गाडीतून खडकीपासून डेक्कनपर्यंत सोडलं होतं. वीस मिनिटांचा प्रवास. त्याबद्दल काका एकच वाक्य सांगत: “आवाज छातीत ऐकू येतो, कानात नाही.” निवृत्त झाल्यावर कॅम्पातल्या एका बंगल्यात तीच जात त्यांना धूळ खात पडलेली सापडली. फक्त आत टेम्पोचं डिझेल इंजिन होतं. आधीच्या कुणी मालकानं मायलेजच्या हिशेबानं ते बसवलेलं. आपल्याकडे तेव्हा हे सर्रास चाले, राजदूताच्या गाडीलासुद्धा आपण ट्रॅक्टरच्या शिस्तीत आणत असू. काका ती घेऊन निघाले की लोक मागे वळून बघत. आधी गाडीकडे, मग टेम्पो कुठून येतोय ते शोधायला.

मूळ इंजिन माहेरच्या सामानासारखं गोणपाटात बांधून सोबत आलं होतं, त्याच्या दोन कार्बोरेटरांसकट.

“तू इंजिनीअर ना?” काका मला म्हणाले. “मग ठरव.”

मी तक्ता केला. टेम्पोचं डिझेल तसंच ठेवणं, मूळ इंजिन दुरुस्त करणं, किंवा जुन्या बाजारातलं जपानी इंजेक्शनवालं इंजिन आणणं. तीन रकाने, बारा निकष, प्रत्येकाला गुण. मूळ इंजिनाचे सुटे भाग मिळत नव्हते, नव्यानं आलेलं बिनशिशाचं पेट्रोल त्याच्या व्हॉल्व्हना सोसणारं नव्हतं, आणि दर महिन्याला ट्यूनिंग. इंजेक्शन सहज जिंकलं. काकांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला.

“रेघा सरळ आल्यात,” ते म्हणाले. “आवाज कुठल्या रकान्यात आहे?”

तो नव्हता.

हमीदचाचा शेजारी बसून कार्बोरेटरचा जेट, पेट्रोल सोडणारा छोटा पितळी तुकडा, सुईनं साफ करत होते. “दसऱ्यापर्यंत मला द्या, बापूसाहेब,” ते म्हणाले. “हिच्याच इंजिनावर घाट चढवून आणतो. नाही जमलं तर इंजिनीअरबाईंचा डबा बसवू.” डबा म्हणजे इंजेक्शनचा संगणक. माझं सगळं करिअर त्यांनी एका शब्दात मावेल एवढं करून टाकलं होतं.

मग मी दर रविवारी जाऊ लागले. जाण्याचं कारण मी स्वतःलाही नीट देऊ शकले नसते.

कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो. एका इंजिनाला दोन कार्बोरेटर असले, पुढचा आणि मागचा, तर दोघांनी हवा सारखी ओढायला हवी. हवेचा तोल चुकला की त्यावर बेतलेलं पेट्रोलचं प्रमाणही चुकतं, आणि मग अर्धं इंजिन तृप्त आणि अर्धं तहानलेलं चालतं. हा तोल मोजायला परदेशात काचेची उपकरणं असत. हमीदचाचांकडे हातभर रबरी नळी होती. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना फुत्कार होतो. पुढचा ऐकायचा, मागचा ऐकायचा, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ऐकायचं.

त्याआधी शेड गप्प करायची. रेडिओ बंद, कंप्रेसर बंद. पलीकडचा चहावाला न सांगता स्टोव्ह बारीक करायचा. गल्लीतून कुणी हॉर्न देत आलं तर शिरीषाखाली थांबलेली गिऱ्हाइकं त्याच्याकडे असं बघत की तो उतरून गाडी ढकलत नेई. चालू इंजिन आणि त्याभोवती पसरलेली ती शांतता. त्यात चाचा डोळे मिटून वाकलेले. उत्तरं दोनच असत, ‘सारखं’ किंवा ‘नाही’. ‘जवळपास’ हा शब्द शेडमध्ये चालत नसे. एका प्राध्यापकांनी तो वापरला तेव्हा चाचांनी त्यांना त्यांची किल्ली परत दिली होती.

श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

“आजपासून तू ऐक.”

मला वाटलं, विद्या देतायत. तसा चेहराही केला असावा मी, कारण ते हसले. मग आजूबाजूला पाहून म्हणाले, “चांगल्या कानात उन्हाळ्यापासून कंप्रेसर चालू आहे, बेटा. इथला बंद केला तरी तो बंद होत नाही. दुसऱ्याला तर लहानपणापासूनच कमी. गिऱ्हाइकांत बोलू नकोस. कान गेला म्हटलं की मी नट आवळणारा. नट आवळणारे पुण्यात पुष्कळ आहेत.”

म्हणून ते हात झाले आणि मी कान. गिऱ्हाइकांसमोर ते मोठ्यानं म्हणत, “जरा शिकवतोय हिला,” आणि लोक कौतुकानं मान हलवत. मी ‘नाही’ म्हटलं की त्यांचा स्क्रूड्रायव्हर फिरे, ‘सारखं’ म्हटलं की थांबे. उलट तपासणी कधीच नाही. आमच्या कंपनीत माझ्या एकेका ओळीवर तिघांच्या सह्या लागत. इथे माझ्या एका शब्दावर इंजिनं रस्त्यावर जात होती.

ते ऐकणं मला अजून येतं. आधी सगळा गोंगाटच. मग त्यातून एक बारीक, ओलसर सूं वेगळा होतो. दुधाला उतू जाण्याआधी येतो तसा. मग तोच आवाज दुसऱ्या तोंडाशी. फरक मोठा असला तर कुणालाही कळतो. केसाएवढा फरक ऐकायला मात्र शरीरातली सगळी घाई काढून ठेवावी लागते, देवळाबाहेर चपला काढतात तशी.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी काकांचं इंजिन तयार होतं. शेडमध्ये झेंडूचा वास होता, कारण चाचांनी हत्यारांच्या पूजेसाठी आधीच फुलं आणून ठेवली होती. दर दसऱ्याला त्यांच्या पान्यांना गिऱ्हाइकं हळदकुंकू वाहत आणि चाचा सगळ्यांना पेढे वाटत. त्याच सकाळी हिंजवडीत आमच्या नव्या काचेच्या इमारतीचं उद्घाटन होतं. परदेशातून कुणी फार मोठं माणूस यायचं होतं, मुलींनी साड्या नेसून दोन रांगांत उभं राहायचं होतं. मी साडीत होते. कंपनीची बस कोपऱ्यावर आली आणि हॉर्न देऊ लागली.

मी नळी पुढच्याला लावली. मग मागच्याला. मागचा किंचित जास्त बोलत होता. केसाएवढा. कदाचित. पुन्हा ऐकायला हवं होतं. बस पुन्हा वाजली. साडीच्या निऱ्यांवर ग्रीस लागेल म्हणून मी नीट वाकलेही नव्हते.

“काय?” चाचांनी विचारलं.

“सारखं,” मी म्हणाले.

स्क्रूड्रायव्हर थांबला.

त्या मोठ्या माणसाचं नाव आज मला आठवत नाही. चेहराही नाही. फुलांच्या पाकळ्या ताटात होत्या आणि विमानाला उशीर झाल्यामुळे त्या तीन तासांत काळ्या पडल्या, एवढं आठवतं.

दसऱ्याला मी आणि काका कात्रजच्या जुन्या घाटात निघालो. बॉनेटवर झेंडूचा हार. स्वारगेट सोडल्यावर काकांनी गिअर बदलला आणि मला पहिल्यांदा ते वाक्य कळलं. तो आवाज खरोखर छातीत येत होता, बरगड्यांच्या आतल्या बाजूनं कुणी बोटं फिरवल्यासारखा. काकांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी बाहेर बघत राहिले. चार वळणं. पाचव्या वळणाआधी चढ तीव्र होतो, तिथे एक कोरडा टक् झाला, मग दुसरा, आणि मागून निळा धूर. मागच्या बाजूचा एक पिस्टन, ज्याला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती, वितळून त्याला भोक पडलं होतं. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त शांतता कळली. शेडमधल्यापेक्षा अगदी वेगळी.

चाचा दोर घेऊन टेम्पोतून आले. बॉनेट उघडलं, वाकले, प्लग काढून हातावर फिरवून पाहिला. बराच वेळ पाहिला. मी हार हातात घेऊन उभी होते, कारण बॉनेट उघडायचं तर तो काढावा लागला होता.

“माझाच कान चुकला, बापूसाहेब,” ते म्हणाले.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. त्यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही.

काका म्हणाले, “हमीद, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” एवढंच. पुण्यात एवढं पुष्कळ होतं.

जुन्या गाड्यांच्या लोकांचं गाव लहान असतं. दिवाळीपर्यंत सगळीकडे झालं की हमीदचा कान गेला. बातमी खरी होती. पुरावा तेवढा खोटा होता, आणि तो पुरावा मी होते. शिरीषाखालची गिऱ्हाइकं हळूहळू कमी झाली. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक करायचं सोडून दिलं, कारण तसं कारणच उरलं नाही.

मग माझा तक्ता जिंकला. जपानी इंजिन आलं, तारांचं एक जाळं आलं, डबा आला. चाचांनी स्वतःच्या हातांनी इंजिन टेकवायचे नवे पाय वेल्डिंग करून दिले, नळ्या वळवून दिल्या, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी ऑफिसातला लॅपटॉप आणून आकडे भरले. इंजेक्टर तेव्हा प्रथम पाहिला. बोटाएवढा असतो. किल्ली फिरवताच इंजिन लागलं, आणि शेडमध्ये कुणालाही गप्प बसावं लागलं नाही.

“छान चालते,” काका म्हणाले. त्या ‘छान’मध्ये त्यांनी जेवढी नापसंती भरली होती तेवढी मी पुढे कुठल्या ग्राहकाच्या पत्रातही वाचली नाही. त्यानंतर त्यांनी गाडी दोन-चारदाच काढली असेल. ते गेल्यावर ती विकली गेली. मूळ इंजिन त्याआधीच भंगारात गेलं होतं, गोणपाटासकट.

डबा बसवला त्या दिवशी निघताना चाचांनी नळी मला दिली होती. “ठेव तू. मला आता हिचा उपयोग नाही.”

एवढं सगळं तुपाच्या एका डब्यात मावतं.

सोहळ्याच्या संध्याकाळी मी माझी गाडी काढली. वारज्यात हायवेच्या सर्व्हिस रोडवर ‘हमीद टायर्स’ अशी पाटी आहे. दुकान त्यांच्या मुलाचं. मी रोज त्याच रस्त्यानं ये-जा करते आणि तिथे आल्यावर नेमकी मला आरशात बघायची गरज पडते. या वेळी थांबले. सोहळ्यातल्या त्या पाटीनं मला आतून कुठेतरी खरचटलं होतं. ‘सर्व भाग मूळ.’ त्या मालकाचं खोटं निदान पितळी स्टँडवर उघड्यावर तरी उभं होतं.

“अब्बा मागे बसलेत,” मुलगा म्हणाला. “डाव्या बाजूनं बोला, आणि मोठ्यानं. मशीन दिलंय कानाला, ते खिशात ठेवतात.”

चाचा एका टायरवर बसून शेंगा सोलत होते. खूप लहान दिसले. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळख नसल्यासारखी मान हलवली. मी पर्समधून नळी काढली. त्यांनी ती हातात घेतली, दोन बोटांनी दाबून पाहिली.

“कडक झाली,” ते म्हणाले. मग वर पाहिलं. “इंजिनीअरबाई.”

मी त्यांच्याशेजारच्या टायरवर बसले. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. हळू म्हणायची, नीट, बारीक आवाजातली वाक्यं होती ती.

“चाचा, त्या दिवशी मी नीट ऐकलं नव्हतं.”

“काय?”

“दसऱ्याच्या आधी. काकांच्या गाडीचं.”

“गाडीचं काय झालं?”

“मी खोटं बोलले,” मी आवाज चढवला. “दोन्ही सारखे नव्हते. तरी मी सारखं म्हणाले. कान तुमचा नव्हता चुकलेला.”

पुढे स्कूटरमध्ये हवा भरून घेणारा माणूस वळून बघू लागला. मुलगाही. गेली वीसेक वर्षं जपून ठेवलेली गोष्ट अख्ख्या सर्व्हिस रोडला एका दमात कळली होती.

चाचांनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेऊन त्यांची सालं फुंकली.

“तेव्हा एवढ्या मोठ्यानं बोलली असतीस,” ते म्हणाले, “तर पिस्टन वाचला असता.”

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. नाही केलं असंही नाही. अर्धे दाणे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. मी ते धरून बसले.

“कुठला जास्त बोलत होता?” त्यांनी विचारलं.

“मागचा,” मी म्हणाले. विचार करावा लागला नाही.

“हं.”

त्यांनी नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते कानाला लावलं. दुसरं टोक त्यांनी समोर हवेत धरलं, बरोबर तेवढ्या उंचीवर जिथे मागच्या कार्बोरेटरचं तोंड असायचं. दुसऱ्या हाताची दोन बोटं जुळवून त्यांनी हवेतला एक स्क्रू पाव फेरा फिरवला.

“आता?”

नळीतून हायवे ऐकू येत होता, कंप्रेसर, आणि कडक झालेल्या रबरातून माझाच श्वास. मी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं.

“नाही,” मी म्हणाले. “अजून फरक आहे.”

“असू दे,” चाचा म्हणाले आणि बोटं पुन्हा स्क्रूवर ठेवली. “आज तुझी बस नाही ना?”